बाराशे वर्षांची सवत

माझ्या नवऱ्याच्या मनात दुसरी बाई आहे, हे मला लग्नानंतर काही वर्षांनी कळलं. तिचं नाव किनेथ्रिथ. जुन्या इंग्लंडातल्या मर्शिया राज्याच्या ऑफा राजाची राणी. तिला मरून बाराशे वर्षं झाली, पण म्हणून काय झालं? जिवंत सवत निदान म्हातारी तरी होते.

नवरा म्हणजे क्लेमंट लार्टर. नॉरफकच्या या कोपऱ्यात त्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, कारण उभा जन्म त्याने बीटचा ट्रक चालवला. शेतातून साखर कारखान्यात आणि कारखान्यातून परत शेतात. हंगामात त्याच्या ट्रकमधून रस्ताभर चिखल सांडायचा आणि लोक त्याबद्दल शिव्या द्यायचे त्या मला, दुकानाच्या रांगेत. उंच, जरासा वाकलेला, घरात मौनाचं व्रत घेतल्यासारखा माणूस. त्याच्या आईने मला लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं, "पोरी, हा बोलत नाही, पण मारतही नाही." मी म्हटलं, चालेल. तेव्हा मला काय ठाऊक, की याला बोलता येतं, फक्त माझ्याशी नाही.

ट्रक भरेपर्यंत बांधावर उभं राहायचं, हा त्याचा रोजचा धंदा. तिथेच त्याला डडली पाय भेटला. हा डडली जमिनीतला धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या रानात हिंडायचा, कानाला हेडफोन लावून, खाली मान घालून, काही हरवल्यासारखा. त्याने क्लेमला एक जुनं यंत्र दिलं आणि माझा संसार कामातून गेला. पहिल्याच शरदात क्लेमला शर्टाच्या बटणाएवढं चांदीचं नाणं मिळालं, सॅक्सन लोकांचं. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बागेतली शेड रिकामी झाली. माझी कपडे वाळवायची दोरी गेली आणि तिथे टेबल, दिवा, भिंग, छोटा तराजू आला.

नाणं ओळखायची त्याची एक पद्धत होती. घासायचं नाही, चोळायचं नाही, थुंकी तर लावायचीच नाही. थुंकी लावणाऱ्यांबद्दल तो जे बोलायचा ते मी इथे सांगत नाही. माती आपोआप वाळू द्यायची, मग लाकडी काडीने कणाकणाने काढायची. दिवा वरून नाही, बाजूने धरायचा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते. मग काठावरचा छोटा क्रॉस शोधायचा, कारण नाव तिथून सुरू होतं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला ज्याने नाणं पाडलं त्या टांकसाळवाल्याचं नाव. या माणसाला त्या सगळ्या टांकसाळवाल्यांची नावं पाठ. माझ्या तीन भावांपैकी दोघांचीच नावं आठवायची.

आणि शेडच्या भिंतीवर, टेबलाच्या बरोबर वर, ती.

कुठल्याशा लिलावाच्या पुस्तकातला फोटो मोठा करून, ताटाएवढा, चार टाचण्या मारून लावलेला. इंग्लंडच्या सॅक्सन राण्यांत नाण्यावर चेहरा आलेली ही एकटीच, असं क्लेम सांगायचा. आपल्या बायकोचं नाणं पाडणारा ऑफाही एकटाच, हे मी सांगायचे. "बघ, असेही नवरे होते," असं म्हणून बघायचे, पण ते त्याच्या डोक्यावरून जायचं. "तिची नाणी ईओबाने पाडली, कँटरबरीत," तो टोस्टला लोणी लावता लावता म्हणायचा. "बाकीच्या नाण्यांवर टांकसाळवाला मागे असतो. हिच्या नाण्यावर ईओबाचं नाव तिच्या तोंडासमोर आहे. काय हिंमत असेल गड्याची." मी म्हणायचे, लोणी संपव. त्याला ती हवी होती. आयुष्यात एकदा, आपल्या हाताने मातीतून काढलेली. दुसरी कुठलीच इच्छा या माणसाने माझ्यासमोर बोलून दाखवलेली नाही.

माझ्या बहिणीने मला वेड्यात काढलं होतं. "अगं, लोकांचे नवरे दारू पितात, घोड्यांवर पैसे लावतात. तुझा चिखल उकरतो. नशीबवान आहेस." असेन. पण दारूवर जळता येत नाही, बाईवर येतं. चहा घेऊन मी शेडमध्ये जायचे तेव्हा हा भिंगातून मान वर काढायचा नाही. "ठेव," इतकंच. ठेवायला टेबलावर जागा नसायची. मग मी कप धरून उभी, आणि बघायला समोर दुसरं काय? तीच. नाक, हनुवटी, ते मिजाशीत मागे वळवलेले केस. इतका चहा मी केला आणि इतकी उभी राहिले, की त्या फोटोतली एकेक रेघ माझ्या डोळ्यांत रुतली. मनात म्हणायचे, भवाने, तुझ्या घरात दासी होत्या, माझ्या घरात मीच आहे.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते सांगायचं तर या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातली एक रीत सांगायला हवी. नाणं सापडलं की फोटो नंतर, आरडाओरड नंतर. आधी ते आपल्या जोडीदाराच्या तळहातावर ठेवायचं. शेतात तुमच्याबरोबर जो थंडीत कुडकुडला, त्याचा हात पहिला. मग बाकीच्यांनी बघायचं. क्लेमच्या प्रत्येक नाण्याला पहिला हात डडलीचा लागला. मग डडली वारला. त्याच्या दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सॉसेज रोल खाता खाता क्लेम एकदम म्हणाला, "आता हात कोणाचा?" मी त्याच्या शेजारीच बसले होते, दोन्ही हात मांडीवर. तो खिडकीबाहेर बघत होता. अशा गोष्टी मागून घ्यायच्या नसतात, आणि मागून घेतल्या तर त्यांची गोडी राहत नाही. पण मला तो हात हवा होता. बाकी त्याने काही दिलं नसतं तरी चाललं असतं.

मिळाला थेल्मा केरिसनला.

ही थेल्मा शेजारच्या गावात पोस्टाच्या खिडकीवर होती. नवरा गेला, निवृत्त झाली, आणि घरात करमेना म्हणून क्लबात आली. यायचं तर विणकामाच्या क्लबात यावं. नीटनेटकी, निळं जाकीट, चिखलात जातानासुद्धा ओठ रंगवलेले. नजर मात्र घारीची. जन्मभर लोकांची गिचमिड अक्षरं वाचली होती, तिला ही झिजलेली अक्षरं वाचायला काय लागतंय. क्लेम अडला की ती भिंगही न लावता सांगायची. मग दर गुरुवारी शेडमध्ये यायला लागली. येताना लिंबाचा केक. शेडमधून हसण्याचा आवाज यायचा. माझ्या नवऱ्याचं हसणं मी घरात ऐकलं नव्हतं, ते मला बागेतून ऐकावं लागलं, हातात ओले टॉवेल घेऊन. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना कुठून कुठून जाते ते मी सांगू शकेन.

एकदा ती मला म्हणाली, "अ‍ॅव्हरिल, शेडमध्ये एखादा हीटर ठेव ना गं. क्लेमचे हात किती गार पडतात."

"माझ्या नवऱ्याचे हात गार असतात हे तुला कसं कळलं?"

"नाणं देताना लागतात."

"मग हातमोजे घालत जा," मी म्हटलं आणि तिचा केक आमच्या कुत्र्याला घातला. त्याने तो मिटक्या मारत खाल्ला, मेल्याने.

मग क्लेमचे डोळे गेले. एकदम नाही, आणि पूर्णही नाही. डोळ्याच्या मधोमध डाग पडतो असा आजार आहे, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टरांकडून परत येताना गाडी मी चालवत होते. तो म्हणाला, "कुंपण दिसतं गं. झाडं दिसतात. समोर बघितलं की तिथेच भोक." मी गियर बदलला. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं वाटत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "आता ती सापडली तरी मी ओळखणार कशी?" मी हात स्टिअरिंगवरच ठेवला आणि आमच्या गावाचं वळण सोडून पार पुढे गेले.

त्या वर्षी दुसरीही एक गोष्ट झाली. ज्या शेतात क्लेमने आयुष्य घालवलं ते स्टॅनर्डचं. म्हाताऱ्या स्टॅनर्डने क्लेमला कायमची परवानगी दिली होती, पण मुलाने ते रान सोलर पॅनलवाल्यांना भाड्याने दिलं. नाताळानंतर खांब ठोकायला माणसं येणार होती. म्हातारा स्वतः सांगायला आला, दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "क्लेम, या डिसेंबरात हवं तेवढं फिरून घे बाबा. नंतर माझ्या हातात काही नाही." क्लेमचा सगळा जीव त्या एका रानात. ऑफाचं एक फुटकं नाणं त्याला तिथेच मिळालं होतं. राजा जिथे पडला तिथे राणीही पडली असेल, असा त्याचा हिशेब. मी म्हणायचे, नवरा-बायको एकाच ठिकाणी सापडतात हे तुला कोणी सांगितलं?

नाताळाच्या आधीचा शेवटचा रविवार. सकाळी थेल्मा दारात हजर, निळं जाकीट, लाल ओठ, हातात छोटं फावडं. क्लेम यंत्र काढत होता. मी गमबूट घातले.

"तू कुठे?" क्लेम म्हणाला.

"येते."

"तुला कंटाळा येईल, अ‍ॅव्ह."

"येऊ दे. कंटाळा माझा आहे, त्याचं काय करायचं ते मी बघेन."

थेल्मा म्हणाली, "गारठा फार आहे गं, तुझे गुडघे."

"गुडघे पण माझेच आहेत," मी म्हटलं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले.

त्या रानात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. बीट काढून झालेलं, चिखल बुटाला असा चिकटत होता की प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागे. क्लेम यंत्र डावीकडून उजवीकडे फिरवत चालला होता. त्याच्या एका बाजूला थेल्मा. "दोन पावलं डावीकडे, क्लेम. आता सरळ. तिथे खड्डा आहे हं." तोही तिचं ऐकून मुकाट्याने वळत होता. घरात मी म्हणते तिथे दिवाण आहे, तर दिवाणावर आदळूनच थांबतो. मी मागून थर्मास आणि पिशवी घेऊन, वरातीत सामान सांभाळणाऱ्या बाईसारखी. सकाळभरात शिशाच्या गोळ्या, एक बक्कल, व्हिक्टोरियाचं हिरवं पडलेलं नाणं, बाटलीची झाकणं. कुंपणाच्या आडोशाला बसून आम्ही चीज-लोणच्याचे सँडविच खाल्ले. थेल्माने त्याच्या कोटावरचे कण झटकले. मी बघितलं. तिनेही मी बघितलेलं बघितलं.

दुपार कलायला लागली. क्लेमचं यंत्र ओढ्याच्या बाजूच्या उतारावर बोलायला लागलं. मला तो आवाज आधीच्या आवाजांसारखाच वाटला, पण क्लेम जागच्या जागी थांबला. थेल्मा फावडं घेऊन पुढे झाली तर म्हणाला, "मी काढतो." गुडघ्यांवर बसला आणि ढेकूळ फोडलं. परत यंत्र लावलं, परत फोडलं. मग हाताने चाचपत राहिला. डोळे भलतीकडेच होते, ओढ्याकडे, कारण समोर बघून त्याला काही दिसणार नव्हतं. बोटं थांबली. अंगठा कशाच्या तरी कडेवरून फिरला.

"हात," तो म्हणाला.

नाव घेतलं नाही. मी त्याच्या उजव्या हाताला, थेल्मा डाव्या. दोघींनी हात पुढे केले, दोघींनीही, एकाच वेळी. माझा हात उघडा, थंडीने लाल झालेला. मला वाटतं तो क्षणभर थांबला. मग सवयीने डावीकडे वळला आणि ते थेल्माच्या तळहातावर ठेवलं.

माझा हात हवेतच राहिला. मग मी तो खिशात घातला. काय झालं मला ते सरळ सांगते. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं, आणि मरताना तिला बरोबर न्यावंसं वाटलं.

थेल्मा नाणं कडेने धरून तिरकं करून बघत होती. "पेनी आहे," ती म्हणाली. "नांगराने मोडलेली, अर्धीच. चेहरा मात्र आहे. उजवीकडे बघतोय, केस कुरळे. तोंडासमोर एक अक्षर राहिलंय, गोल. ओ." तिने श्वास घेतला. "ऑफा आहे, क्लेम. अर्धा का होईना, चेहऱ्याचा ऑफा."

"मागे?"

"मागची बाजू गेलीय. खरवडलीय पार."

क्लेम हसला. पण मी त्याच्याबरोबर आयुष्य काढलंय, त्याचं हसू कुठे संपतं ते मला ठाऊक आहे. "राजा," तो म्हणाला. "चला, राजा तर राजा. रिकाम्या हाताने नाही जायचं." आणि उठायला लागला. शेवटचा दिवस, शेवटचा तास, हे त्याने मनातल्या मनात मिटवून टाकलं, ते मला दिसलं.

"बघू इकडे," मी म्हटलं.

थेल्माने ते माझ्या हातावर ठेवलं. "कडेला धर हं. बोट लावू नकोस मधे."

"मला शिकवू नकोस. माझ्या घरातल्या भिंतींनासुद्धा हे पाठ आहे."

मी चष्मा पुसला आणि बघितलं. नखाएवढा तुकडा, माती लागलेला. आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती, नेहमीसारखी. नेहमीसारखीच उजवीकडे, नाक वर. केस कानामागून निघालेले, वेटोळ्यांनी मानेवर उतरलेले, आणि शेवटचं वेटोळं खांद्याला टेकलेलं. ऑफाचे केस असे उतरत नाहीत. त्याच्या नाण्याचाही फोटो शेडमध्ये होता, खाली कोपऱ्यात. त्याचे सगळे कुरळे डोक्याला धरून. ही ती होती. थेल्माला अक्षरं येत होती, पण या बाईचा राग तिने कधी केला नव्हता. मी केला होता.

आता इकडे आड तिकडे विहीर. गप्प बसले तर राणी राजाच्या नावाने डबीत जाईल, कायमची, आणि माझ्या नवऱ्याला ती मरेपर्यंत मिळणार नाही. मला हवंच होतं ते. पण मग थेल्माचा शब्द खरा ठरेल, तिचा हात खरा ठरेल. बोलले तर थेल्मा खोटी पडेल, पण त्या दुसरीला मी माझ्या हाताने घरात घेईन. एकीला दार लावायचं तर दुसरीला उघडायचं. मी दोघींकडे बघितलं. मग मातीत गुडघे टेकून बसलेल्या त्या वेड्याकडे बघितलं, तो रिकाम्या हातांची माती झटकत होता.

"हा ऑफा नाही," मी म्हटलं.

थेल्मा म्हणाली, "अगं, ओ आहे समोर."

"असू दे. ईओबातही ओ आहे. आणि ईओबाचं नाव कोणाच्या तोंडासमोर असतं?"

"अ‍ॅव्हरिल, तुला नाण्यातलं काय कळतं?"

"नाण्यातलं काही नाही. हिच्यातलं सगळं."

क्लेम हललाही नाही. खूप हळू म्हणाला, "अ‍ॅव्ह. केस सांग."

मी सांगितले. कानामागून, मानेवर, खांद्यापर्यंत. शेवटचं वेटोळं कसं टेकलंय ते सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता मागे चिखलात बसला, फतकल मारून, लहान पोरासारखा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थेल्मा वाकून पुन्हा बघायला आली, तिने बराच वेळ बघितलं आणि फावडं चिखलात रोवून ठेवलं. तिला पटलंय हे त्यावरूनच कळलं.

"तुला कसं कळलं?" क्लेम म्हणाला.

मग माझा तोल गेला. "जी बाई माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर टाचण्या मारून बसलीय, जिच्यासमोर मी जन्मभर चहाचा कप धरून उभी राहिले, तिला मी ओळखणार नाही? काळोखात ओळखेन. नाकावरून ओळखेन. तुझ्यापेक्षा जास्त वेळ मी तिच्याकडे बघितलंय, क्लेमंट लार्टर, तू तर भिंगात होतास."

"मग कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

परत येताना थेल्मा मागच्या सीटवर बसली. क्लेमच्या हातात डबी होती आणि तो ती अंगठ्याने चोळत होता.

नाण्यांची नोंद करणाऱ्या म्युझियमच्या बाईंकडे आम्ही ते नेलं. त्यांनी ते ठेवून घेतलं, साफ केलं, मोठ्या यंत्राखाली धरलं. मागच्या बाजूला, खरवडलेल्या भागाच्या कडेला, राणीच्या नाण्यावर मधोमध असतं त्या मोठ्या 'एम' अक्षराचा एक पाय निघाला. राणीच. सापडलेल्या नाण्यात जमीनमालकाचाही हिस्सा असतो, पण म्हाताऱ्या स्टॅनर्डने मुलाला गप्प केलं आणि क्लेमला म्हणाला, "तू आहेस तोवर तुझ्या घरात राहू दे तिला." झालं. आली ती घरात, रीतसर.

गुरुवारी थेल्मा आली. क्लेमने डबी पुढे सरकवली, थेल्माने हात पुढे केला, तर तो म्हणाला, "अ‍ॅव्ह, तू सांग." थेल्माचा हात टेबलावर तसाच राहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी सावकाश सांगितलं, एकेक वेटोळं, आणि मधे तिला विचारलं, "थेल्मा, चहा गार होतोय गं तुझा." पुढच्या गुरुवारी तिला सर्दी झाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी बस चुकली. आता ती महिन्याच्या पहिल्या गुरुवारीच येते, केक आणत नाही, आणि मला "अ‍ॅव्हरिल" ऐवजी "मिसेस लार्टर" म्हणते.

जिंकले म्हणायचं. जिंकले तर मग रोज संध्याकाळी हे काय चालू झालं? त्याचा मधला डाग वाढत चालला होता, आणि त्याला ती रोज हवी होती. "अ‍ॅव्ह, काढ तिला." मी काढायचे. दिवा बाजूने, भिंग डोळ्याला. "आज हनुवटी सांग." "आज मान सांग." मी शेवटी त्याच्या शेजारी बसले होते, दिव्याखाली, डोक्याला डोकं लावून, जिथे थेल्मा बसायची तिथे, आणि तो माझा एकेक शब्द पाणी प्यावं तसा पीत होता. फक्त शब्द सगळे तिचे होते. रोज मी तिला नटवायचे, त्याच्यासमोर उभी करायचे आणि मग भांडी घासायला जायचे. जिवंत सवतीने एवढं काम सांगितलं नसतं.

परवा रविवारी जेवणं झाली, ताटं तशीच होती, आणि तो म्हणाला, "अ‍ॅव्ह, काढ तिला. आज नाकापासून सांग."

मी डबी आणली, दिवा ओढला, भिंग उचललं. आणि माझा नुसता संताप संताप झाला. या माणसाला माझं नाक शेवटचं कधी दिसलं असेल? आणि दिसत होतं तेव्हा तरी त्याने कधी बघितलं होतं? मी भिंग खाली ठेवलं.

"नाक आखूड आहे," मी म्हटलं. "टोकाला जरा लाल. थंडीत जास्त."

तो मान तिरकी करून ऐकत होता.

"कपाळावर आठ्या. खोल आहेत, झिजलेल्या नाहीत. गालावर तीळ आहे, त्यावर एक केस येतो. मी उपटते, तो परत येतो."

"चांदीवर तीळ कुठून आला?" तो म्हणाला.

मी थांबले नाही. "केस पांढरे. पातळ झालेत. मागे पिना लावून बसवलेत. वेटोळी नाहीत. कधीच नव्हती."

त्याने टेबलावरून हात फिरवला. डबी लागली. झाकण चाचपलं, ते बंद होतं.

"ही ती नव्हे," तो म्हणाला.

"नव्हे."

आता म्हणेल, उघड. पण त्याने डबी बाजूला सारली, ताटांच्या पलीकडे, आणि खुर्ची ओढत ओढत इतकी जवळ आणली की त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले.

"डोळे राहिले," तो म्हणाला. "डोळ्यांचं सांग."